बॅग पुढे, आपण मागे: जपानची ताक्क्यूबिन सेवा

टोकियोहून क्योतोला शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने जायचं आणि सूटकेसची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर भरते, तर डब्याच्या शेवटच्या रांगेतली, मागे सामानाला जागा असलेली सीट आधी राखून ठेवावी लागते. मे २०२० पासूनचा हा नियम आहे. राखीव जागेला जादा पैसे पडत नाहीत, पण न राखता बॅग घेऊन चढलात तर एक हजार येन भरावे लागतात. २५० सेंटिमीटरच्या वरचं सामान गाडीत घेतच नाहीत. शिवाय जिने आहेत, स्टेशनात लांबलचक पायपीट आहे, आणि सकाळच्या लोकलमध्ये सूटकेस घेऊन शिरणाऱ्याकडे कोणी बोलत नसलं तरी सगळे बघतात.

तिथला माणूस या भानगडीत सहसा पडत नाही. तो आदल्या दिवशी बॅग हॉटेलच्या काउंटरवर देतो आणि पाठीला सॅक लावून मोकळा निघतो. बॅग दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात हजर असते. या सोयीचं नाव ताक्क्यूबिन. खरं तर हे यामातो कंपनीच्या सेवेचं नोंदणीकृत नाव आहे. घरपोच पार्सलसेवेचा सर्वसाधारण शब्द ताकुहाइबिन. पण आपल्याकडे कुठल्याही मशीनवरची प्रत जशी 'झेरॉक्स'च असते, तसं तिथे बोलताना सगळंच ताक्क्यूबिन. इथे परीक्षण आहे ते यामातोच्या मूळ सेवेचं, ओघाने जपान पोस्टच्या यू-पॅकचं.

आधी निकाल सांगून टाकतो: आशियात सामान्य माणसाला पैसे देऊन मिळणाऱ्या सेवांमध्ये इतकी भरवशाची सेवा क्वचितच सापडेल. मात्र ती लेबलवर चालते. लेबल नीट भरलं तर बॅग तासाच्या हिशेबाने पोचते, आणि लेबलात चूक केली तर तीच बॅग शिस्तीत, नम्रपणे, चुकीच्या जागी जाते. तक्रारी ऐकाव्यात तर दहातल्या आठ लेबलपाशी येऊन थांबतात.

दर कसा ठरतो ते पहिल्यांदा समजून घ्या. खोक्याच्या तीन बाजूंची सेंटिमीटरमधली बेरीज म्हणजे 'साइझ'. ६०, ८०, १००, १२०, १४०, १६०, १८०, २०० असे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला वजनाची मर्यादा आहे: ६० ला २ किलो, ८० ला ५, १०० ला १०, १२० ला १५, १४० ला २०, १६० ला २५, आणि वरच्या दोन्हींना ३० किलो. माप आणि वजन यांपैकी जे वरच्या टप्प्यात जाईल त्याचा दर लागतो. २५ × २० × १५ सेंटिमीटरचं खोकं मापाने ६० साइझचं असतं. त्यात चार किलो डाळ भरली की ते ८० चं झालं. माप टेप मारून झाल्यावर घ्यायचं, कारण फुगलेलं पोटही मोजलं जातं. सूटकेसची चाकं आणि आत न जाणारं हँडलही मापात धरतात. पंच्याहत्तर सेंटिमीटर उंचीची नेहमीची मोठी सूटकेस साधारण १६० मध्ये बसते, पण चाकं उंच असतील किंवा पुढचा कप्पा ठासून भरला असेल तर सहज १८० मध्ये जाते. काउंटरवर पोचण्याआधी घरी टेप लावून बघणं म्हणूनच शहाणपणाचं.

साइझनंतर अंतर. देशाचे विभाग पाडले आहेत आणि दर विभागावर ठरतो. टोकियोतून टोकियोत किंवा शेजारच्या प्रांतात ६० साइझचं पार्सल हजार येनच्या थोडं आत जातं; मोठी सूटकेस टोकियोहून क्योतोला धाडायला अडीच-तीन हजार येनच्या आसपास धरून चाला. स्वस्त नाही. चार जणांच्या कुटुंबाच्या चार बॅगा म्हणजे दहा हजारांवर खर्च, आणि तेवढ्यात एका माणसाचं जवळपास एका बाजूचं शिंकान्सेनचं तिकीट निघतं. म्हणून अनुभवी लोक दोन मोठ्या बॅगा पुढे पाठवतात आणि दोन छोट्या बरोबर ठेवतात. पार्सल स्वतः नेऊन दिलं तर थोडी सूट मिळते, लेबल मोबाइलवरून भरलं तर आणखी थोडी.

आता देण्याची जागा. हॉटेल सगळ्यात सोपं: काउंटरवर फक्त "ताक्क्यूबिन" म्हणा, लेबल आणि टेपमाप दोन्ही बाहेर येतं. दुसरी जागा कंपनीचं स्वतःचं केंद्र. तिसरी म्हणजे कोंबिनी, अर्थात चोवीस तास उघडं असणारं नाक्यावरचं दुकान. इथे घोटाळा होतो. सेव्हन-इलेव्हन आणि फॅमिलीमार्ट यामातोचं पार्सल घेतात. लॉसन आणि मिनिस्टॉप जपान पोस्टचं यू-पॅक घेतात. यामातोचं छापील लेबल चिकटवलेलं खोकं लॉसनमध्ये नेलं तर मान लववून परत देतील. शिवाय कोंबिनीत यामातोचं १६० च्या वरचं आणि थंड ठेवायचं पार्सल घेत नाहीत. पार्सलचे पैसे बऱ्याच ठिकाणी रोखच द्यावे लागतात, बाकी दुकानात कार्ड चालत असलं तरी. खिशात नोटा ठेवा. आणि कोंबिनीतून ट्रक दिवसातून ठरलेल्या वेळीच माल उचलतो. शेवटची फेरी गेल्यावर दिलेलं खोकं त्या रात्री दुकानातच झोपतं, आणि 'दुसऱ्या दिवशी पोचेल' हा हिशेब एक दिवसाने सरकतो.

लेबल. वर 'ओतोदोकेसाकी', म्हणजे ज्याला पोचवायचं तो. खाली 'गोइराइनुशी', म्हणजे पाठवणारा. हॉटेल ते हॉटेल बॅग पाठवताना दोन्हीकडे नाव तुमचंच असतं, म्हणून नवखा माणूस खालच्या चौकटीत पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहून बसतो. वर पुढचं हॉटेल, खाली आत्ताचं हॉटेल. कागदी लेबलाखाली प्रती असतात. बॉलपेन दाबून लिहा, नाहीतर शेवटच्या प्रतीवर, म्हणजे नेमकी तुमच्या हातात येणाऱ्या प्रतीवर, काही उमटत नाही. त्या प्रतीवरचा बारा आकडी क्रमांक म्हणजे तुमच्या बॅगेचा जीव. फोटो काढून ठेवा.

हॉटेलच्या नावाखाली तीन गोष्टी हव्यात: बुकिंग ज्या नावावर आहे ते नाव, चेक-इनची तारीख, आणि शक्य असेल तर बुकिंग क्रमांक. आपल्या लोकांची गल्लत नावात होते. बुकिंग साइटवर 'एस. देशमुख', पासपोर्टवर आडनाव-नाव-वडिलांचं नाव अशी लांबलचक माळ, आणि लेबलवर घरी हाक मारतात ते नाव. हॉटेलातला माणूस यादीत शोधतो, सापडत नाही, आणि ओळख न पटलेलं पार्सल स्वीकारायचं नाही असा नियम असेल तर बॅग परत ट्रकमध्ये. बुकिंगवर इंग्रजीत जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, लेबलवर उतरवा. फोन नंबरही असाच. भारतातला रोमिंगचा नंबर दिला तर ड्रायव्हर त्यावर फोन करणार नाही. पुढच्या हॉटेलचा नंबर वरच्या चौकटीत लिहिणं चांगलं.

आणि काउंटर नसलेलं भाड्याचं घर घेतलं असेल, तर तिथे बॅग पुढे पाठवूच नका. दाराला आकड्यांचं कुलूप, आत कोणी नाही, पाटीवर नाव नाही. अशा वेळी जवळच्या यामातो केंद्रावरच बॅग ठेवून घ्यायला सांगता येतं आणि ओळखपत्र दाखवून उचलता येते.

तारीख आणि वेळ हा या सेवेचा कळस. पाठवल्या दिवसापासून सात दिवसांच्या आतली कुठलीही तारीख मागता येते, म्हणजे मध्ये दोन रात्री डोंगरातल्या गावात काढायच्या असतील तर मोठी बॅग थेट त्यापुढच्या शहरात नेमक्या दिवशी बोलावता येते. वेळेचे कप्पे पाच: दुपारपर्यंत, १४ ते १६, १६ ते १८, १८ ते २०, आणि १९ ते २१. वेळ निवडायचे वेगळे पैसे नाहीत. १९९८ मध्ये ही पद्धत देशभर आली, तेव्हा दुपारी १२ ते २ हाही कप्पा होता. २०१७ च्या जूनमध्ये तो काढून टाकला, कारण ड्रायव्हरला जेवायला सुट्टीच मिळत नव्हती. जपान पोस्टकडे १२ ते १४ अजून आहे. ज्यांना फक्त जेवणाच्या सुट्टीत घरी येता येतं, त्यांच्यासाठी यू-पॅकचं पारडं तिथे जड.

लेबलवर 'हिन्मेइ' नावाची छोटी चौकट असते: आत काय आहे. लोक तिथे 'सामान' किंवा 'घरगुती वस्तू' लिहून मोकळे होतात, आणि होक्काइदो किंवा ओकिनावाला पाठवलेलं पार्सल तीन-चार दिवस उशिरा का आलं म्हणून नंतर विचारत बसतात. लांबच्या टप्प्यांवर काही माल विमानाने जातो. मोघम नाव असेल तर आत बॅटरी किंवा स्प्रे आहे का हे कळत नाही, म्हणून ते पार्सल विमानात चढवत नाहीत. ट्रक आणि जहाजाने जातं. 'कपडे, पुस्तकं, बूट' असं सुटं लिहा. पॉवर बँक आणि डिओचा डबा सॅकमध्ये काढून घ्या. रोकड, पासपोर्ट, बँकेची कार्डं तर बॅगेत ठेवायचीच नाहीत, ती या सेवेने पाठवता येत नाहीत. हरवल्या-फुटल्याची भरपाई एका पार्सलला जास्तीत जास्त तीन लाख येन. त्याहून महाग कॅमेरा पाठवायचा असेल तर स्वतःच्या खांद्यावर न्यावा.

खोक्यावर चिकटवायचे शिक्केही ओळखून ठेवा. 'वारेमोनो' म्हणजे फुटणारं. दुसरा शिक्का मजेदार: 'तेन्ची मुयो'. तेन्ची म्हणजे वर-खाली, मुयो म्हणजे नको. खोकं उलटं करू नका, असा त्याचा अर्थ. पण बऱ्याच तरुण जपान्यांना तो 'वर-खालीची फिकीर नको' असा वाटतो, म्हणजे बरोबर उलटा. लोणच्याची बरणी असेल तर शिक्क्याच्या भरवशावर न राहता झाकणाला फिल्म गुंडाळा, बरणी दोन पिशव्यांत बांधा आणि खोक्यात रिकामी जागा ठेवू नका. ट्रकमध्ये खोकी एकावर एक रचतात. आतली पोकळी म्हणजे वरच्या वीस किलोला दिलेलं निमंत्रण. पॅकिंग कच्चं होतं असं ठरलं तर भरपाई मिळत नाही.

थंड मालासाठी 'कूल' ताक्क्यूबिन आहे, १९८८ पासून. दोन प्रकार: ० ते १० अंशांत, आणि उणे १५ किंवा त्याखाली. १२० साइझ आणि १५ किलोपर्यंतच, वर काही शे येन जादा. याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की गाडी माल थंड करते. ती थंड माल थंड ठेवते, एवढंच. शीत प्रकाराला आधी किमान सहा तास फ्रिजमध्ये आणि गोठवलेल्याला किमान बारा तास फ्रीझरमध्ये काढावे लागतात. तव्यावरून उतरलेल्या पुरणपोळ्या डब्यात भरून थेट कूलने योकोहामाला धाडल्या तर डब्याच्या आत वाफ साचून दुसऱ्या दिवशी लगदा निघतो, आणि त्यात ड्रायव्हरचा काही दोष नसतो. पोळ्या पूर्ण गार करायच्या, मध्ये कागद घालून गोठवायच्या, पातळ थर्माकोल किंवा नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायच्या. जाड थर्माकोल इथे उलटा नडतो, बाहेरची थंडी आत पोचू देत नाही. टोकियोतल्या निशिकासाई भागात राहणाऱ्या मराठी घरांना फराळासाठी मात्र कूलची गरज नाही. चकली-शेव साध्या पार्सलने उत्तम जाते, फक्त ऑगस्टच्या उकाड्यात साजूक तुपातले लाडू कूलमध्ये घाला. या सेवेची अब्रू एकदा गेली होती, तीही नोंदवायला हवी: २०१३ मध्ये काही केंद्रांवर थंड पार्सलं बाहेरच्या तापमानात वर्गवारीला ठेवली जात होती असं उघड झालं आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

घरी कोणी नसेल तर दारात एक लांबट चिठ्ठी सापडते. तिच्या कडा बोटांनी चाचपून बघा: दोन छोट्या खाचा आहेत, मांजरीच्या कानांसारखे. यामातोचं चिन्ह पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर, त्यावरून ते कान. पण खाचा शोभेच्या नाहीत. दृष्टिहीन माणसाला पत्रांच्या गठ्ठ्यातून ही चिठ्ठी स्पर्शाने ओळखता यावी म्हणून आहेत. चिठ्ठीवर ड्रायव्हरचा थेट मोबाइल नंबर, क्यूआर कोड आणि यंत्राने उत्तर देणारा फोन नंबर असतो. पुन्हा आणून द्यायचे पैसे नाहीत. माल साधारण आठवडाभर केंद्रावर ठेवतात, नंतर पाठवणाऱ्याकडे परत.

फुकट पुनःफेरी ही ग्राहकाला चैन आणि कंपनीला खर्च. ऑक्टोबर २०१७ च्या सरकारी पाहणीत जवळपास १५.५ टक्के पार्सलं पहिल्या फेरीत पोचत नव्हती. देशात वर्षाला पार्सलं पाचशे कोटींच्या घरात, त्यातली निम्म्याच्या आसपास यामातोची. मग या टक्क्याचा अर्थ ड्रायव्हरच्या पायांना विचारा. त्याच वर्षी कंपनीने सुमारे ४७ हजार कामगारांचा बुडवलेला ओव्हरटाइम, अंदाजे १९ अब्ज येन, देण्याचं मान्य केलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मूळ दर वाढवले. एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या ओव्हरटाइमला वर्षाला ९६० तासांची कायदेशीर मर्यादा आली. त्याआधीच, २०२३ मध्ये, काही लांबच्या मार्गांवर 'उद्या' चं 'परवा' झालं होतं. पूर्वीच्या माहितीवर विसंबून 'जपानात सगळं दुसऱ्या दिवशी पोचतं' असं धरून चालू नका. काउंटरवर तारीख विचारून मगच लेबल भरा. सामान दाराशी ठेवून जाण्याची सोयही आता आहे, पण खालचं मुख्य दार आपोआप बंद होणाऱ्या इमारतीत ती तशी कामाची नाही. स्टेशनजवळच्या पार्सल लॉकरमध्ये मागवणं जास्त बरं, आणि ड्रायव्हरचीही एक फेरी वाचते.

यामातोची कंपनी १९१९ ची, चार ट्रकवर सुरू झालेली. २० जानेवारी १९७६ ला घरगुती पार्सल सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी अकरा पार्सलं आली. त्या आधी घरातून खोकं पाठवायचं तर पोस्ट किंवा रेल्वे, दोन्हीकडे वजनाची कटकट आणि दोरीने बांधाबांध. ओगुरा मासाओ या अध्यक्षांनी एका विभागाला दर एकच ठेवला, फोन केला की घरी येऊन नेणार असं सांगितलं, आणि कोंबिनीचं जाळं नव्हतं तेव्हा तांदळाच्या आणि दारूच्या दुकानदारांना एजंट केलं. मार्गांच्या परवान्यांसाठी ते परिवहन मंत्रालयाशी वर्षानुवर्षं भांडले, १९८६ मध्ये थेट खटला घातला. हिवाळ्यात नागानोची सफरचंदं संपली की तिथले ट्रक रिकामे पडायचे. त्यातून १९८३ मध्ये स्की पाठवण्याची सेवा निघाली, पुढच्या वर्षी गोल्फची.

विमानतळावर बॅग पुढे पाठवायची असेल तर उड्डाणाच्या किमान दोन दिवस आधी द्या, आणि लेबलवर टर्मिनल, विमान क्रमांक आणि सुटण्याची वेळ लिहा. आदल्या रात्री सुचलं तर उपयोग नाही, काउंटरवाला नाही म्हणेल आणि त्याचंच बरोबर असेल. विमानतळाचं जादा शुल्क पडतं. उलट दिशेला, उतरल्यावर विमानतळावरून हॉटेलला, हाच सगळ्यात सुखाचा प्रवास. बॅग साधारण दुसऱ्या दिवशी येते, म्हणून पहिल्या रात्रीचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत काढून ठेवा.

राहिलं जड सामान. पीठ, तांदूळ, कुकर, पोलपाट, आठ-दहा पुस्तकं, म्हणजे आकाराने लहान आणि वजनाने दगड असं काही असेल तर यामातोकडे जाऊ नका. यू-पॅक २५ किलोपर्यंत फक्त माप बघतं. नऊ किलो गव्हाचं पीठ ८० साइझच्या खोक्यात बसवलं तर यामातो त्याला १०० चा दर लावेल आणि पोस्ट ८० चाच. खोक्याच्या तळाला टेपची फुली मारा, म्हणजे तळ सुटणार नाही, आणि ते खोकं लॉसनला न्या.